कोटीमास्तरांसाठी लिहिलेली नक्कल

आमच्या शेजारी एक माणूस राहायचा, त्याला सरळ बोलता यायचं नाही. मुका नव्हता, तोतरा नव्हता. उलट जीभ अशी चालायची की दौंडच्या यार्डातलं शंटिंगचं इंजिन बरं, ते निदान सिग्नलला थांबतं. पण काही विचारा, उत्तर म्हणून कोटीच यायची. भाजी आवडली का म्हटलं तर ‘भा’वर आणि ‘जी’वर. ताप आला का म्हटलं तर तापावर, पश्चात्तापावर, संतापावर, आणि तोवर थर्मामीटर तोंडात धरून आपण मूर्खासारखे उभे.

रघुनाथ मास्तर त्यांचं नाव. हायस्कुलात मराठी आणि इंग्रजी शिकवायचे. गाव त्यांना कोटीमास्तर म्हणायचं, आणि ती टिंगल आहे हे त्यांना कधी कळलं नाही. कुणी म्हणालं, ‘काय कोटीमास्तर,’ की हे शालजोडी मिळाल्यासारखे मान झुकवायचे.

त्यांना शैला नावाची एकुलती एक मुलगी. आणि हे सगळं मी लिहायला बसले ते या शैलामुळं. त्या पोरीला बापाच्या तोंडून एकच शब्द हवा होता. हो किंवा नाही. तो मिळायला तिला किती वर्षं लागली ते सांगते.

आधी माझं थोडं सांगते, म्हणजे मी यात कुठून आले ते कळेल. मी तळेगाव ढमढेऱ्याची, लग्न होऊन दौंडला आले. मालक रेल्वेत. शाळा तिसरीत सुटली. पुढं घरी शिवणाचं मशीन आलं. ब्लाउजचं कटिंग आधी वर्तमानपत्रावर काढतात, तर कात्री चालवायच्या आधी मी तो कागद वाचून काढायची. माझ्या अर्ध्या बातम्या बाहीत गेल्या आणि अर्ध्या पाठीत, पण वाचायला आलं. अक्षर मुळातच गोल. ते मास्तरांनी एकदा दुधाच्या हिशेबाच्या वहीवर पाहिलं आणि म्हणाले, “कमलताई, तुम्ही माझ्या नाटकाच्या नकला लिहा.”

नक्कल म्हणजे नटाला द्यायचा त्याच्यापुरता कागद. अख्खं नाटक कुणाला देत नाहीत. समोरच्याच्या वाक्यातले शेवटचे दोन शब्द लिहायचे, आणि त्याखाली आपण म्हणायचं ते. ते दोन शब्द कानावर पडले की तोंड उघडायचं. तोवर गप्प. नाटकाची ही पद्धत मला फार आवडली. म्हटलं, संसारात अशा नकला वाटल्या असत्या तर निम्मी भांडणं झाली नसती.

मास्तरांचं नाटक कुठल्याशा जुन्या विलायती नाटकावरून बेतलेलं होतं. बारा वर्षं लिहीत होते. दोन घराण्यांचं वैर, एकाचा मुलगा, दुसऱ्याची मुलगी, प्रेम आणि शेवटी दोघं मरतात. मास्तरांनी एक घराणं शिरूरचं केलं, एक दौंडचं. वैर कशावरून ते मात्र कुठं लिहिलं नव्हतं. मी विचारलं, तर म्हणाले, मूळ पुस्तकातही नाही. ‘मग बारा वर्षं काय केलंत,’ हे मी ओठावर आणलं नाही. काय केलं ते नकला लिहिताना दिसतच होतं. मूळ पुस्तकात पानोपानी शब्दांचे खेळ आहेत म्हणे, आणि मास्तरांनी प्रत्येकाला मराठी जोड शोधून काढली होती. वर समासात लाल शाईनं आकडे टाकले होते. प्रेमाला आकडा नव्हता, मरणाला नव्हता, कोट्यांना होता.

सुमनवहिनी, म्हणजे त्यांची बायको, नाटक बसलं त्याच्या आदल्या वर्षी गेली. लोक भेटायला आले. मास्तर पाटावर बसलेले. कुणीतरी सांत्वनाचं काही म्हणालं, त्यावर हे म्हणाले, “सुमन होतं घरात. त्यातलं ‘सु’ गेलं, आता नुसतं मन राहिलं.” समोरच्या दोघांच्या तोंडून ‘वा’ गेलं, आणि मग ते दोघं जमिनीकडं बघायला लागले. शैला आत चहा गाळत होती. तिनं गाळणी खाली ठेवली आणि तशीच उभी राहिली. तिला बाप रडलेला हवा होता, म्हणजे तिलाही रडता आलं असतं. पण ‘वा’ झाल्यावर कोण रडणार?

तर नाटक. गणपतीतल्या एका रविवारी, रेल्वेच्या हॉलमध्ये, दुपारी. नट सगळे गावातले हौशी. नायक म्हणजे बुकिंग ऑफिसातला एक देखणा कारकून. नायकाचा मित्र, जो मध्येच सुरा लागून मरतो, तो होता दत्ता. हा निमोण्याचा, धनगराघरचा. दौंडला शिकायला होता, पुढं शिक्रापूरला कंपनीत लागला. आणि पडद्याआड वही घेऊन प्रॉम्प्टिंगला शैला. ज्याला वाक्य आठवत नाही त्याला पुढचा शब्द द्यायचा. दत्ताला सगळं नाटक पाठ होतं, तरी तो दर तालमीला नेमका शैलाच्या बाजूला येऊन अडायचा. हे सगळ्यांना कळत होतं, मास्तर सोडून. मास्तर कोट्या मोजत होते.

नायिका पुण्याहून आणलेली. तेव्हा हौशी नाटकात तशीच रीत, गावातली पोरगी कोण देणार? रत्नाबाई म्हणून चाळिशीची बाई, एका प्रयोगासाठी सकाळच्या गाडीनं आली, पिशवीत मी पाठवलेली नक्कल. वेणी घालता घालता मला म्हणाली, “ताई, अक्षर तुमचं का? छान आहे. पण मला एक सांगा, शेवटी ही शुद्धीवर येते, नवरा मेलेला बघते, आणि त्याच्या गळ्यातल्या माळेवर नऊ ओळी बोलते. यातलं मरायचं वाक्य कुठलं?”

मी त्या कागदाकडं बघितलं. नऊ ओळींत माळ होती, फुलमाळ होती, माळरान होतं, माळी होता. आणि शेवटी, जागा उरली म्हणून घातल्यासारखं, ‘थांब, मी पण येते.’ मी शिवणाच्या खडूनं त्याच्याखाली रेघ मारली. कुणाला विचारलं नाही.

प्रयोग सुरू झाला. दत्ताला सुरा लागला. नायक विचारतो, फार लागलं का? दत्ता छाती धरून खाली बसला आणि म्हणाला, “शिरूरचा सुरा, उरात शिरला.” हॉल हसला. वन्समोअर आला. आणि दत्तानं हसणाऱ्यांकडं बघितलंच नाही, मित्राकडं बघून पुन्हा तेच म्हणाला, जरा हळू. आता हसू आलं नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. माझा थोरला भाऊ मळणीयंत्रात हात जाऊन गेला. दवाखान्यात मला म्हणाला होता, “कमळे, आता राखी डाव्या हाताला बांध, पोरी, उजवा रजेवर गेलाय.” मी घाबरू नये म्हणून बोलला होता. मरणाऱ्यानं तशी एक थट्टा केली तर ती समोरच्यासाठी असते. ते लिहिणाराला कळलं होतं, ज्यानं कुणी ते मुळात लिहिलं त्याला. मास्तरांना नव्हतं कळलं. त्यांना वाटलं, कोटी आहे म्हणून चाललं.

कारण पुढं नायक विषाची बाटली काढतो. समोर बायको निपचित. आणि हा म्हणतो, “प्रेम हा माझा एकच विषय. त्यातलं शेवटचं अक्षर गळालं, आणि हातात विष राहिलं.” मास्तर विंगेतून हात नाचवत होते, टाळ्यांसाठी. टाळ्या आल्या, वन्समोअरही आला. आणि वन्समोअर आला की मास्तरांची खोड अशी, की तेच पुन्हा द्यायचं नाही, नवीन घालायचं. त्यांनी विंगेतून कागद सरकवला. कारकुनानं विषावर आणखी दोन केल्या, विषमावर आणि विषण्णावर. तिसरीला मागच्या बाकावरून एक फायरमन शांतपणे म्हणाला, “मर की बाबा आता, माझी ड्युटी आहे.”

त्यानंतर रत्नाबाई उठून बसली. नवऱ्याला हात लावून बघितला. माळेला हातही लावला नाही. म्हणाली, “थांब, मी पण येते.” आणि पडली. अख्ख्या हॉलमध्ये पंख्यांचा आवाज तेवढा. मग बायका रडायला लागल्या.

मास्तर आत येऊन रत्नाबाईंवर ओरडले. माझ्या अकरा कोट्या खाल्ल्या म्हणाले. ती पावडर पुसत होती. म्हणाली, “मास्तर, लोक रडले ना?” हे म्हणाले, “रडतील कुणीही. हसून रडले असते तर नाटक.” आता यात काही अर्थ असेलही, मी शिकलेली नाही. पण मला त्या दिवसापासून त्या माणसाचा राग आला तो आला. दोन पोरं मेली, आणि ह्यांना अकरा कोट्यांचं सुतक.

त्याच पावसाळ्यानंतर शैलानं बापाला दत्ताचं सांगितलं. जात वेगळी, घर शेतकऱ्याचं, पण मुलगा चांगला, तुमची परवानगी हवी. मास्तर रागावले असते तर बरं झालं असतं. रागाला उत्तर देता येतं. ते म्हणाले, “दत्ता? म्हणजे दत्तक घ्यायचा की काय जावई?” आणि स्वतःच हसले, आणि पेपर उघडला. शैला माझ्याकडं येऊन बसली. म्हणाली, “काकू, हे हो झालं की नाही झालं?” मला काय कळणार?

असं तिनं तीनदा विचारलं. तीनदा तिला कोटी मिळाली. माणूस विरोधात होता असं मला आजही वाटत नाही. पोरगी गेली की घरात ऐकायला कोणी नाही, एवढंच असावं. पण तसं म्हणावं ना. मी तुझ्यावाचून एकटा पडेन, म्हणावं. त्यात कुठं कोटी बसत नव्हती, म्हणून म्हटलं नाही.

मग निमोण्याची माणसं आली. दत्ताचा चुलता बिरू आप्पा, आणि बरोबर दोघं. धनगराघरात दुसऱ्या जातीची सून आणायची तर घरात काय काय झालं असेल, ते त्यांनी निमोण्यातच मिटवलं होतं. आमच्याकडं आले ते फेटे बांधून, साखर-नारळ घेऊन. मला शैलानं बोलावून घेतलेलं. मधे थाळी, थाळीत सुपारी.

बिरू आप्पा म्हणाले, “मास्तर, आमी मेंढरामागची मानसं. लई बोलता येत न्हाई. आमच्यात बापानं तोंडानं ‘दिली’ म्हनायचं आसतं. मग सुपारी फुटती. तर सांगा, पोरगी दिली का?”

मास्तरांनी चष्मा पुसला. मी मनात म्हटलं, देवा, फक्त आज. मास्तर म्हणाले, “आप्पा, ‘दिली’ आणि ‘दिल्ली’त एका ‘ल’चाच फरक, पण प्रवास केवढा.”

कुणी हसलं नाही. आप्पांनी थोडं थांबून पुन्हा तेच विचारलं, त्याच शब्दांत. मास्तर म्हणाले, सुपारी फोडायची म्हणजे आधी अडकित्त्यात अडकायला हवं.

आप्पा तिसऱ्यांदा विचारायला थांबले. खरंच थांबले, मी साक्षीला आहे. शैला दारात उभी होती, तिच्याकडं एकदा बघितलं. मग विचारलं. यावर मास्तर काय म्हणाले ते मला आठवत नाही, मी कान बंद करून घेतले होते.

आप्पा उठले. फेटा सावरला. “व्हय म्हनला आसता तर सोयरं झालो आसतो. न्हाई म्हनला आसता तरी राम राम करून गेलो आसतो. ज्या बापाला पोरीसाठी एक सबूद निघंना, त्याला मी पुन्यांदा इचारनार न्हाई.” आणि शैलाजवळून जाताना म्हणाले, “तुजा काय दोस न्हाई, माय.”

सुपारी थाळीत तशीच राहिली.

आता नाटकात असतं तर पोरांनी विष घेतलं असतं. ह्या दोघांनी तसलं काही केलं नाही. कामाला गेले. दत्ता शिक्रापूरला खोली घेऊन राहिला, शैला दौंडात एका डॉक्टरकडं केसपेपर लिहायला लागली. पळून जाऊन लग्न कर, असं मीच तिला एकदा म्हणाले. ती म्हणाली, “काकू, मी चोरून का जाऊ? मला दिलेली म्हणून जायचंय.” हट्टात ती बापावरच गेली होती. ती थाळी तिनं फडताळात ठेवली. रोज पुसायची आणि सुपारी परत मधोमध ठेवायची. आणि बापाशी बोलायची ते मोजकं. जेवण झालंय. दूध आलंय. मी निघते. त्यावर मास्तर काही करायचे, दुधावर नाहीतर निघण्यावर. ती ऐकून घ्यायची आणि जायची. हसायची नाही, चिडायचीही नाही.

असे दोन गणपती गेले. एका दुपारी मास्तर माझ्या दारात येऊन उभे. निवृत्त झालेले, दाढी वाढलेली. म्हणाले, “कमलताई, ती हसत नाही.”

मी मशीन थांबवलं नाही. म्हटलं, “हसण्यासारखं काय राहिलंय?”

ते पायरीवर बसले. म्हणाले की त्यांना सांगायचं असतं. सकाळी उठताना ठरवून उठतात. पण तोंड उघडलं की आधी ते दुसरंच येतं, आणि ते आलं की खरं बाहेर येत नाही. आता हे ऐकून मला दया यायला हवी होती. नाही आली. माझ्या डोळ्यांपुढं ती थाळी होती. मग ते म्हणाले, “मला एक नक्कल लिहून द्या.”

ब्लाउजच्या कटिंगचा कागद होता, त्याची कोरी कड फाडली. वर लिहिलं, ‘…दिली का?’ खाली लिहिलं, ‘दिली.’

त्यांनी बघितलं. “एवढीच?”

“एवढीच. आणि अक्षराला हात लावायचा नाही.”

दोन दिवसांनी निघालो. शैलाला सांगितलं नाही, फक्त मी फडताळातून सुपारी घेतली आणि रुमालात बांधली. दौंडहून शिरूरच्या एसटीनं न्हावऱ्याला उतरलो, पुढं निमोण्याला जीप. जीपमध्ये बारा माणसं, एक बोकड, आणि हे कागद हातात धरून ओठ हलवतायत. एकाच शब्दाची तालीम बारा मैल. एका म्हातारीनं मला विचारलं, “मंत्र म्हनत्यात का?” मी म्हटलं, “हो, अवघड आहे.”

बिरू आप्पा कांद्याच्या चाळीपाशी बसून कांदा निवडत होते. आम्हाला बघून उठले, घोंगडी अंथरली, पाणी दिलं. चहा आला. आप्पा बोलायला लागले. कांद्याला कोंब फुटतायत. कालव्याच्या चारीला पाणी उशिरा सुटतं. थोरल्या नातवाला गाडी घ्यायचीय. मास्तर मांडीवर कागद धरून बसलेले, नटासारखे कान देऊन.

आणि तेव्हा माझ्या ध्यानात आलं, काय घोळ झालाय. आप्पा विचारणार नव्हते. ‘पुन्यांदा इचारनार न्हाई’ म्हणाले होते, आणि ते बोललेलं मोडणारं माणूस नव्हतं. वरचे दोन शब्द येणारच नव्हते, आणि ते आल्याशिवाय खालचा कसा म्हणणार? मीच नक्कल चुकीची लिहिली होती.

मास्तरांनी माझ्याकडं बघितलं. तालमीत दत्ता शैलाकडं बघायचा तसं. ‘दिली का?’ माझ्या अगदी ओठावर आलं होतं, मी हळूच म्हटलं असतं तर चाललं असतं. पण मी पदर तोंडाला लावला. म्हटलं, इतकी वर्षं तिनं विचारलं, फुकट विचारलं. आता न विचारता बोला.

आप्पांचा कांदा निवडायचा हात चालूच. मास्तरांच्या तोंडात काहीतरी आलं होतं, मला दिसलं. ओठाचा डावा कोपरा वर गेला, कोटीच्या आधी जायचा तसा. मग तो खाली आला. त्यांनी कागदाची घडी घातली, खिशात ठेवली.

“आप्पा,” ते म्हणाले, “मुलगी दिली.”

मी लिहिलं होतं त्यापेक्षा दोन शब्द जास्तच होते.

आप्पांनी हातातला कांदा खाली ठेवला. मग कानामागं हात धरला. कान त्यांचे चांगले तिखट होते, चाळीपलीकडं शेरडू खोकलं तरी ऐकू जायचं. “काय म्हनला, मास्तर? पुन्यांदा म्हना.”

वन्समोअर आला की हा माणूस काय करतो हे मला माहीत होतं. मी डोळे मिटले.

“आप्पा, मुलगी दिली.”

तेच. तसंच. एक काना इकडचा तिकडं नाही.

मी रुमालाची गाठ सोडली. आप्पांनी सुपारी ओळखली. आत ओरडून अडकित्ता मागवला आणि तिथंच, कांद्याच्या सालपटांत बसून, फोडली. निम्मी मास्तरांच्या हातावर ठेवली.

पुढचं सांगण्यासारखं काही नाही, लग्न चांगलं झालं. मला मास्तर आठवतात ते परतीच्या जीपमधले. मागच्या फळीवर, दोन पोत्यांच्या मधे अंग चोरून बसलेले, मूठ घट्ट मिटलेली. न्हावरा येईपर्यंत त्या मुठीकडं बघत होते. मला वाटलं, रडतायत. मग त्यांच्या ओठाचा डावा कोपरा हळूहळू वर गेला, ते माझ्याकडं वाकले, आणि त्यांनी त्या अर्ध्या सुपारीवर एक कोटी केली.

ती मी लिहून ठेवलेली नाही.